नमपायच्या टेस्ट आणि बेंचमार्क आपल्या लॅपटॉपवर कसे चालवावेत

नमपाय म्हणजे पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी. तिच्या एखाद्या फंक्शनला हात लावला, की दोन गोष्टी तपासाव्या लागतात: उत्तर अजून बरोबर येतंय का, आणि वेळ किती लागतोय. पहिली टेस्ट सांगते, दुसरी बेंचमार्क. आधी टेस्ट, मग बेंचमार्क. चुकीचं उत्तर दुप्पट वेगाने काढण्यात काय हशील? (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाका.)

१. बिल्ड

गिटहबवर नमपायचा फोर्क (तुमच्या खात्यातली प्रत) घ्या, क्लोन करा म्हणजे लॅपटॉपवर उतरवा, आणि लगेच सबमॉड्यूल (आत जोडलेले इतर प्रकल्पांचे कोड) उतरवून घ्या. हे राहून गेलं तर बिल्ड मध्येच अडतो आणि माणूस उगाच कंपायलरला शिव्या घालत बसतो. मग वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा) करा आणि रिक्वायरमेंट्सच्या फोल्डरमधल्या बिल्डच्या व टेस्टच्या याद्या त्यात इन्स्टॉल करा. सी आणि सी++ कंपायलर मशीनवर हवेतच. आता 'स्पिन बिल्ड' (स्पिन म्हणजे नमपायची बिल्ड, टेस्ट वगैरे कामं चालवणारं साधन). पहिल्या खेपेला चहा होईल एवढा वेळ जातो. पुढे फक्त बदललेल्या फाइल्स बांधल्या जातात.

२. टेस्ट चालवा

'स्पिन टेस्ट' म्हटलं की आतून पायटेस्ट हे पायथनचं टेस्ट चालवणारं साधन चालतं. सगळ्या टेस्ट चालेपर्यंत ताटकळू नका. ज्या भागात काम करताय त्या फोल्डरचा पत्ता पुढे लिहा, म्हणजे तेवढ्याच चालतील. 'स्लो' अशी खूण असलेल्या टेस्ट एरवी वगळल्या जातात. बदल पाठवण्याआधी एकदा 'स्पिन टेस्ट', उणे एम, 'फुल' असं देऊन त्याही चालवा.

नवी टेस्ट लिहिली आणि ती पहिल्याच फटक्यात पास झाली, तर मला संशय येतो. फंक्शनमध्ये मुद्दाम चूक करा, अधिकच्या जागी उणे टाका, आणि टेस्ट पुन्हा चालवा. तरीही पास होत असेल तर ती काहीच तपासत नाहीये.

३. दशांशाची भानगड

वैज्ञानिक लायब्ररीच्या टेस्ट इतर सॉफ्टवेअरपेक्षा वेगळ्या पडतात त्या इथे. पायथनमध्ये 0.1 शून्यापासून एकेक करून दहा वेळा मिळवा: 0.9999999999999999 येतं. त्याच दहा आकड्यांपैकी आठांच्या जोड्या लावा, जोड्यांच्या पुन्हा जोड्या करा आणि उरलेले दोन शेवटी मिळवा: बरोबर 1.0 येतं. आकडे तेच, फक्त बेरजेचा क्रम बदलला. म्हणून दशांश आकड्यांसाठी 'बरोबर समान' अशी टेस्ट लिहिली, तर ती तुमच्याकडे पास आणि दुसऱ्याच्या मशीनवर नापास होऊ शकते.

यासाठी नमपायच्या टेस्टिंग मॉड्यूलमधलं 'असर्ट ऑलक्लोज' वापरा. त्यात सापेक्ष फरकाची मर्यादा न सांगता 1e-7 (म्हणजे 0.0000001) असते आणि निरपेक्ष फरकाची 0. हे शून्य नवख्याला हमखास अडकवतं. नमपायला π चा साइन विचारा, साधारण 1.22e-16 मिळतं. अपेक्षित उत्तर 0. शून्याचा कितीही अंश घेतला तरी शून्यच, म्हणून टेस्ट नापास! अशा जागी निरपेक्ष मर्यादा, समजा 1e-12, स्वतः द्यायची. आणि अपेक्षित उत्तर दुसऱ्या क्रमांकावर लिहायचं, कारण सापेक्ष फरक त्याच्याच तुलनेत मोजतात. टेस्ट पास व्हावी म्हणून मर्यादा सैल करत जाण्याचा मोह मात्र आवरा.

रँडम आकडे लागत असतील तर सीड, म्हणजे ते आकडे ज्यापासून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा, ठरवून द्या. नाहीतर मंगळवारी नापास झालेली टेस्ट बुधवारी आपोआप पास होते आणि चूक सापडत नाही.

४. बेंचमार्क

नमपायचे बेंचमार्क एएसव्ही, म्हणजे एअरस्पीड व्हेलॉसिटी, या साधनाने चालतात. ज्या मेथडचं नाव 'टाइम_' ने सुरू होतं तिचा वेळ मोजला जातो. डेटा तयार करायचं काम 'सेटअप'मध्ये टाका, तो वेळ धरला जात नाही.

सॉर्ट मोजताना एक सापळा आहे. एका सेटअपनंतर तुमची मेथड अनेकदा चालवली जाऊ शकते. अ‍ॅरे जागच्या जागी सॉर्ट करत असाल, तर दुसऱ्या फेरीपासून आधीच लावलेला अ‍ॅरे पुन्हा लावला जातो, आणि वेळ भलताच छान दिसतो. मेथडमध्येच आधी प्रत काढा आणि तिच्यावर सॉर्ट चालवा. प्रतीचा थोडा वेळ मोजमापात येईल, तो येऊ द्या.

चालवण्याआधी लॅपटॉप चार्जरला लावा, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल बंद करा. रेषीय बीजगणिताचे बेंचमार्क असतील तर थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांची) संख्या 1 वर बांधा. मग 'स्पिन बेंच', उणे टी आणि हव्या त्या बेंचमार्कचं नाव.

५. तुलना

'2.3 मिलिसेकंद' हा सुटा आकडा कुणाच्याच कामाचा नाही. 'स्पिन बेंच'ला 'कम्पेअर' पर्याय दिला की तुमची ब्रांच (तुमच्या बदलांची शाखा) आणि मेन (मूळ शाखा) दोन्ही बांधून, मोजून शेजारी मांडली जातात. मात्र कमिट न केलेले (गिटमध्ये नोंदवून न ठेवलेले) बदल यात धरले जात नाहीत. स्पिन तशी सूचना देतो, पण ती इतर मजकुरात वाहून जाते. मी एकदा अख्खी संध्याकाळ 'काहीच फरक कसा नाही' म्हणत घालवली. सुधारणा एडिटरमध्ये सेव्ह केली होती, कमिट केलीच नव्हती.

निकालात ओळीच्या सुरुवातीला अधिक चिन्ह दिसलं तर हुरळून जाऊ नका. अधिक म्हणजे वेळ वाढला, उणे म्हणजे कमी झाला. गुणोत्तर 0.50 असेल तर अर्धाच वेळ लागतोय. 1.06 सारखं काही दिसलं तर दोनदा पुन्हा चालवा. बऱ्याचदा ते गायब होतं.

पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रकल्पात घ्यावेत अशी विनंती) टाकली की गिटहबवर टेस्ट वेगवेगळ्या सिस्टिमवर आपोआप चालतात, त्यांच्या निकालावर भरवसा ठेवा. वेळेचे आकडे मात्र तिथले घेऊ नका, कारण ती मशीन इतरांसोबत वाटून घेतलेली असतात. तुलनेचा तक्ता आपल्याच लॅपटॉपवर काढा आणि प्रोसेसरच्या नावासह पुल रिक्वेस्टमध्ये चिकटवा. मंदावलेल्या ओळीही त्यात राहू द्या. तपासणारा पहिल्यांदा त्याच बघतो.