आई-वडिलांसाठी जादा आरोग्य विमा घेताना: आधी डिडक्टिबलची ओळ वाचा

आधार, पॅन, फोटो, चेक हे लागतंच, त्यावर वेळ घालवत नाही. ज्या एका ओळीपायी मला दीड लाख रुपये भरावे लागले, तिथूनच सुरू करते.

माझ्या वडिलांची, अण्णांची, मूळ पॉलिसी ३ लाखांची. या वयात ती पुरायची नाही म्हणून मी वर १० लाखांचं टॉप-अप घेतलं. डिडक्टिबल (ज्या रकमेपर्यंत टॉप-अप काही देत नाही ती रक्कम) ३ लाख, म्हणजे ३ लाखांपर्यंत मूळ पॉलिसी आणि त्यावरचं टॉप-अप देईल, असं मी धरून चालले. त्या वर्षी जूनमध्ये मिरजेत अँजिओप्लास्टी झाली, बिल २ लाख ४० हजार. नोव्हेंबरमध्ये अण्णा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, परत मिरज, बिल २ लाख १० हजार. एकूण साडेचार लाख. मूळ पॉलिसी ३ लाखांना संपली. उरलेल्या दीड लाखाचे कागद टॉप-अपला पाठवले तर क्लेम नामंजूर. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक वेळच्या अ‍ॅडमिशनला वेगळं मोजतात. दोन्ही बिलं ३ लाखांच्या आतली, म्हणून एक रुपया मिळाला नाही. सुपर टॉप-अप असतं तर वर्षभराची बिलं एकत्र धरली असती आणि तेच दीड लाख मिळाले असते. म्हाताऱ्या माणसाला एकदाच मोठं बिल येतं असं थोडंच आहे? वर्षात दोन-तीनदा मध्यम बिलं येतात. साधं टॉप-अप नेमकं तिथे उपयोगाला येत नाही.

तेव्हा पॉलिसीच्या नावावर जाऊ नका, डिडक्टिबलची ओळ शोधा. ‘अ‍ॅग्रिगेट’ लिहिलंय की ‘पर क्लेम’? अ‍ॅग्रिगेट म्हणजे वर्षाचं. एजंट तोंडी ‘एकच असतं हो’ म्हणाला तर त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. माझ्याकडे लिहून घेतलेलं काहीच नव्हतं.

याच ओळीला जोडून तारखा बघा. सुपर टॉप-अपचं वर्ष त्याच्या स्वतःच्या तारखेपासून मोजतात. मूळ पॉलिसी एप्रिलमध्ये आणि सुपर टॉप-अप ऑक्टोबरमध्ये सुरू होत असेल, तर जून आणि नोव्हेंबरची बिलं सुपर टॉप-अपच्या दोन वेगळ्या वर्षांत पडतात आणि ‘वर्षाचं’ असूनही बेरीज होत नाही. दोन्हींची तारीख एकच करून घ्या.

पैसे भरण्याआधी एक फुकटचं काम. वय ७० पूर्ण असेल तर सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण आहे आणि आधीपासूनच्या आजारांच्या खर्चासाठी काही वर्षं थांबावं लागत नाही. खासगी विमा असला तरी चालतं. फक्त ते योजनेतल्याच रुग्णालयांत चालतं. सांगली-मिरजेत तुम्ही ज्या डॉक्टरांकडे जाता, त्यांचं रुग्णालय यादीत आहे का आणि त्या आजारासाठी आहे का, हे आधी जाऊन विचारा. रात्री दोन वाजता ते शोधायची वेळ येऊ देऊ नका.

बाकीच्या प्रकारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. क्रिटिकल इलनेस पॉलिसी यादीतला आजार निघाला तर एकरकमी पैसे देते. खुब्याचं हाड त्या यादीत नसतं. हॉस्पिटल कॅश दिवसाला ठरावीक रक्कम देते, त्यात येण्या-जाण्याचा आणि डब्याचा खर्च निघेल, ऑपरेशनचा नाही. ज्येष्ठांसाठीच्या वेगळ्या पॉलिसीत बऱ्याचदा को-पे असतो. २० टक्के को-पे म्हणजे ३ लाखांच्या मान्य बिलात ६० हजार तुमचे. आई-वडिलांना स्वतःच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत, घालू नका, सगळ्यात मोठ्या वयावर हप्ता ठरतो. मूळ पॉलिसी चालू असेल तर सुपर टॉप-अपच घ्या. टॉप-अप नव्हे, सुपर टॉप-अप.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा, एजंटाला भरू देऊ नका. बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, रोजची गोळी, सगळं लिहा. ‘बीपी काय, सगळ्यांनाच असतं’ म्हणून ते लपवलं तर पुढे क्लेम अडतो. एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. मूळ पॉलिसीत ती संपली असली तरी नव्या सुपर टॉप-अपमध्ये परत पहिल्यापासून मोजतात, म्हणून उशीर करू नका. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांची मुदत वेगळी लिहिलेली असते. एप्रिल २०२४ च्या त्याच नियमांनी ६५ वर्षांची वयाची अटही काढली आहे, त्यामुळे ‘आता वय झालं’ हे ऐकून परत फिरू नका.

रूम रेंटची मर्यादा बघा. मर्यादेबाहेरची खोली घेतली तर डॉक्टरांच्या फीसारख्या बाकीच्या खर्चालाही त्या प्रमाणात कात्री लागते.

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांत परत करता येते. त्या दिवसांत डिडक्टिबलची ओळ पुन्हा वाचा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचायला लावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, हप्त्याच्या पावतीत तो लावलेला दिसला तर विचारा.

अ‍ॅडमिट करताना दोन्ही पॉलिसींची कार्डं द्या. मूळ कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या शिक्का मारलेल्या प्रती घेतल्याशिवाय सुपर टॉप-अपचा क्लेम पुढे सरकत नाही. पहिल्या अ‍ॅडमिशनचे कागदही ठेवा, बिल छोटं असलं तरी, कारण वर्षाची बेरीज त्यावरूनच होते. तक्रार आधी कंपनीकडे लेखी, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर विमा लोकपालांकडे (सांगली-मिरजेसाठी पुण्याला), फी नाही. रिन्यूअलची तारीख कॅलेंडरवर लिहा. दोन्ही पॉलिसींची.