लंडनला मुलांकडे गेलेल्या आईबाबांसाठी

मुलगा-सून दिवसभर कामावर असतात, म्हणून फिरणं शनिवार-रविवारवर ढकलू नका. वयाची साठी उलटली असेल तर मोठ्या स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून 'सीनियर रेलकार्ड' घ्या. तिथले रहिवासी नसलात तरी ते मिळतं, वर्षभर चालतं आणि रेल्वेच्या बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. एकदोन लांबच्या फेऱ्यांत पैसे वसूल! लंडनच्या आसपास मात्र सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही, तेव्हा आठवड्याच्या दिवशी साडेनऊनंतरच निघा.

पॅडिंग्टनहून ऑक्सफर्ड तासाभरावर, बाथ दीड तासावर. वॉटर्लूहून विंडसरला थेट गाडी आहे, पण किल्ला मंगळवारी-बुधवारी बंद असतो. डबा आणि रेनकोट बरोबर असू द्या.

गुडघे कुरकुरत असतील त्या दिवशी भुयारी रेल्वेने चॉक फार्मला उतरा. १० किंग हेन्रीज रोड हे घर तिथून चालत जाण्याजोगं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले, आणि महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन जपलंय. ते चुकवूच नका.