कॅशे पुसून रॅम रिकामी होत नाही: ब्राउझर वापरताना या चुका टाळा

माझा मामेभाऊ रोज रात्री झोपण्यापूर्वी ब्राउझरचा कॅशे पुसतो. दात घासण्याइतक्या नेमाने. लॅपटॉपला 4 जीबी रॅम, उघडे टॅब तीसेक, आणि तक्रार एकच: "दादा, एवढं साफ ठेवतो, तरी हँग का होतो?"

कारण तो भलतीच जागा झाडतोय. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आत्ता जे चिरताय-शिजवताय ते तिथे. डिस्क कॅशे म्हणजे फडताळ, पुन्हा लागेल म्हणून भरून ठेवलेलं सामान. ओट्यावर पसारा झाला म्हणून कुणी फडताळातली डाळ-साखर फेकत नाही. फेकलीच, तर सकाळी पुन्हा वाण्याकडे पळावं लागतं. कॅशे पुसल्यावर हेच होतं: लोगो, फॉन्ट, स्क्रिप्ट सगळं नव्याने डाउनलोड. डेटा जातो, वेळ जातो, ओटा मात्र तस्साच. फडताळाला मर्यादाही असते. ते भरलं की बराच काळ न लागलेल्या वस्तू ब्राउझर आपणहून काढतो. डिस्कच तुडुंब भरली असेल तर एकदा पुसा, ते ठीक.

ओटा कशाने भरतो? उघड्या टॅबनी, एक्स्टेंशननी आणि फोटोंनी. 4000 × 3000 पिक्सेलचा फोटो डिस्कवर दोन-तीन एमबीचा असेल, पण पडद्यावर दाखवायला तो उलगडावा लागतो. दर पिक्सेलला 4 बाइट धरले, तर पूर्ण आकारात सुमारे 48 एमबी. एका फोटोचे! म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजा. विंडोजवर क्रोममध्ये शिफ्ट+एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करा, खादाड टॅब वर येतो. फायरफॉक्समध्ये हेच काम अबाउट:प्रोसेसेस हे पान करतं (अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत टाइप करा).

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या वीस ओळी बघून "व्हायरस शिरला" म्हणणारेही भेटतात. ती रचनाच आहे. 2008 मध्ये क्रोम आला तोच वेगवेगळ्या प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारे भाग) घेऊन, एक पान कोसळलं तरी बाकीची जगावीत म्हणून. जानेवारी 2018 मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी जाहीर झाली (तिच्यामुळे एकाच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटचा डेटा चोरता येऊ शकत होता) आणि त्याच वर्षी क्रोम 67 ने डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस देणं सुरू केलं. त्यापायी 10 ते 13 टक्के मेमरी जास्त लागते, हे गूगलनेच सांगितलं होतं. सुरक्षेची ही किंमत मला तरी रास्त वाटते. त्या ओळी एकेक करून मारू नका. आणि रॅम 'साफ' करणारी अ‍ॅप तर लावूच नका. ती बऱ्याचदा रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतात, आकडा खाली दिसतो, आणि तुम्ही टॅबवर परतलात की तेच सगळं डिस्कवरून रखडत परत येतं.

टॅबवर परतल्यावर पान नव्याने लोड होतं, हीसुद्धा बिघाडाची खूण नाही. क्रोमचा मेमरी सेव्हर (डिसेंबर 2022 पासून) निष्क्रिय टॅबची मेमरी काढून घेतो. आवाज चालू असलेले किंवा अर्धा फॉर्म भरलेले टॅब तो सहसा सोडतो. 'सहसा' म्हणतोय, कारण लांबलचक अर्ज त्याच्या भरवशावर टाकून चहाला जाऊ नये. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली ती साइट 'कायम चालू ठेवा'च्या यादीत घाला. मोबाइलवर हाही दिलासा नाही. तिथे मेमरी कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम विचारत नाही, म्हणून मोठा मजकूर आधी नोट्समध्ये लिहा.

आता जुनं पान दिसत राहण्याचा त्रास. साइट बदलली, तुम्हाला मात्र कालचंच दिसतं. इथे लोक ब्राउझिंग डेटा पुसताना 'ऑल टाइम' निवडून कुकीजसकट सगळं उडवतात आणि मग दहा ठिकाणी पासवर्ड आठवत बसतात. आधी कंट्रोल+शिफ्ट+आर दाबा, मॅकवर कमांड+शिफ्ट+आर. त्या एका पानापुरता कॅशे टाळला जातो. पुढच्या वेळी पुन्हा जुनंच आलं, तर संशय सर्व्हिस वर्करवर घ्या, म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये बसवलेल्या, मागे चालणाऱ्या स्क्रिप्टवर. त्याचा साठा नेहमीच्या कॅशेपासून वेगळा असतो. अ‍ॅड्रेसच्या डावीकडच्या चिन्हातून फक्त त्या साइटचा डेटा पुसा. लॉगइनही त्या एकाच साइटचं जाईल.

साइट चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सर्व्हर फाइलसोबत ब्राउझरला कॅशेबद्दल सूचना देतो. त्यातली 'नो-कॅशे' म्हणजे साठवू नको नव्हे. साठव, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचार. बदल नसेल तर सर्व्हर 304 ('बदल नाही' हा कोड) म्हणतो आणि फाइल पुन्हा जात नाही. साठवायचंच नसेल तर 'नो-स्टोअर'. दुसरं, "गूगल फॉन्ट्सवरचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरलाय, तो वाचकाकडे दुसऱ्या साइटमुळे असेलच" हा हिशेब जुना झाला. क्रोम 86 (2020) आणि फायरफॉक्स 85 (2021) पासून कॅशे साइटनिहाय वेगळा असतो. तुम्ही आधी कुठे गेला होतात, हे दुसऱ्या साइटला ताडता येऊ नये म्हणून. तेव्हा तुमच्या साइटवर पहिल्यांदा येणारा वाचक तो फॉन्ट नव्यानेच उतरवतो, आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीची फाइल काही लहान नसते. लागतील तेवढीच वजनं (बारीक, ठळक असे जाडीचे प्रकार) ठेवा.

मामेभावाकडे शिफ्ट+एस्केप दाबलं, तेव्हा सगळ्यात वर गेल्या आठवड्यातल्या मॅचच्या स्कोअरचा टॅब होता. मॅच संपून चार दिवस झाले होते.