हार्मोनच्या रिपोर्टमध्ये आपली ओळ कशी शोधायची

मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. निदान करणं डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण रिपोर्ट हातात पडला की बायका आधी ठळक छापलेला आकडा बघतात, मग मोबाइलवर शोधतात आणि घाबरून मला फोन करतात. मी उलट एवढंच विचारते: रक्त दिलंत तो पाळीचा कितवा दिवस होता?

हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थच नाही. एकाच धडधाकट बाईचं इस्ट्राडिऑल (अंडाशयातून येणारं मुख्य स्त्री-हार्मोन) पाळीच्या तिसऱ्या दिवशी ४० असतं आणि अंडं फुटायच्या आदल्या दिवशी ३०० होऊ शकतं. दोन्ही नॉर्मल. म्हणून पहिलं काम, दिवस मोजणं. नीट रक्तस्राव सुरू होऊन पॅड लागतं तो दिवस पहिला. त्याआधी नुसते डाग पडले असतील तर ते धरायचे नाहीत. हा दिवस सॅम्पल देताना फॉर्मवर लिहायला लावा. कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगा.

आमच्याकडे गौरी-गणपतीनंतर एक वेगळाच घोळ होतो. सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतलेल्या असतात, गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो, आणि तोच पहिला दिवस धरून बायका रक्त द्यायला येतात. तो रक्तस्राव गोळ्या थांबवल्यामुळे झालेला असतो. हार्मोन तपासायचे असतील तर पुढची आपसूक आलेली पाळी धरा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एफएसएच, एलएच (मेंदूखालच्या ग्रंथीतून येऊन अंडाशयाला कामाला लावणारी दोन हार्मोन) तपासण्यात तर पैसेच वाया जातात, कारण त्या गोळ्यांचं कामच हे हार्मोन दाबून ठेवणं आहे.

एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडिऑल दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी द्या. रिपोर्टवर एफएसएचपुढे एकाखाली एक चार ओळी असतात. आमच्या मशीनला त्या अशा येतात: पाळीच्या पहिल्या दिवसापासूनचा पूर्वार्ध ३.५ ते १२.५, अंडं फुटताना ४.७ ते २१.५, उत्तरार्ध १.७ ते ७.७, आणि पाळी कायमची गेल्यावर २५.८ ते १३४.८. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं असेल तर तुमची ओळ पहिली, बाकीच्या तीन वाचूच नका. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला आकडे थोडे वेगळे असतात, तेव्हा नेहमी आपल्याच रिपोर्टवरची रेंज बघायची, बहिणीच्या रिपोर्टवरची नाही.

एफएसएच एकटं वाचू नये. तिसऱ्या दिवशी इस्ट्राडिऑल ८०च्या वर गेलेलं असेल तर ते एफएसएचला खाली दाबतं, आणि ७ हा छान दिसणारा आकडा फसवा असू शकतो. म्हणून डॉक्टर दोन्ही एकत्र लिहून देतात. खर्च वाचवायला त्यातलं एक गाळू नका.

‘एलएच हे एफएसएचच्या दुप्पट, म्हणजे पीसीओएस’ हे अजून सर्रास ऐकू येतं. पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून पाळीवर आणि अंडाशयावर परिणाम करणारा विकार. २००३ साली रॉटरडॅमला त्याच्या निदानाचे जे निकष ठरले त्यात हे गुणोत्तर नाहीच. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त असण्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं अंडाशयाचं चित्र, या तिनांपैकी दोन हवेत, तेही दुसरी कारणं वगळून.

प्रोजेस्टेरॉनची (अंडं फुटल्यावर वाढणारं हार्मोन) चिठ्ठी बहुधा ‘एकविसाव्या दिवशी’ अशी येते. ते २८ दिवसांच्या पाळीचं गणित आहे. खरं तर पुढची पाळी यायच्या सात दिवस आधी रक्त द्यायचं. तुमची पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी या. एकविसाव्याला आलात तर १ पेक्षा कमी आकडा येईल आणि ‘अंडं फुटतच नाही’ म्हणून उगाच रडारड होईल. योग्य दिवशी ३च्या वर आकडा आला की अंडं फुटलं असं धरतात.

प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन, त्याची वरची मर्यादा साधारण २५. हे हार्मोन फार हळवं आहे. झोपेत वाढतं, ताणानं वाढतं, सुईच्या भीतीनंसुद्धा वाढतं. उठून दोन-तीन तास झाल्यावर या, लॅबमध्ये थोडं शांत बसा, मग हात पुढे करा. आणि अ‍ॅसिडिटीची गोळी कोणती चालू आहे ते स्ट्रिप आणून दाखवा. पित्ताच्या कित्येक गोळ्यांत डॉमपेरिडॉन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, त्यानं प्रोलॅक्टिन चांगलंच चढतं. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. किंचित वाढलेला आकडा बहुधा पुन्हा तपासतातच.

थायरॉइडची टीएसएच तपासणी कोणत्याही दिवशी चालते, रेंज ढोबळमानानं ०.४ ते ४. दिवस राहिले असतील तर मात्र सांगा, तेव्हा हिशेब बदलतो. केस गळतात म्हणून ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन (केसांसाठी देतात ते जीवनसत्त्व) घेत असाल तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा. काही मशीनवर त्यानं टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) खोटं जास्त दिसतं, आणि थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचा भास होतो.

आणि ती एकदम वीसेक तपासण्यांची पॅकेजं! रेंज म्हणजे निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांचे आकडे. उरलेले पाच टक्केही निरोगीच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर ठणठणीत बाईचाही एखादा आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. तक्रार नसताना हार्मोनचं पॅकेज घेऊ नका, हे मी लॅबमध्ये काम करून सांगते आहे.

उलट, तीन महिने पाळी नाही, बाळ नसताना छातीतून दूध येतंय, किंवा चाळिशीच्या आत पाळी थांबली आणि एफएसएच २५च्या वर आहे, तर आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठा.

राहिलं एएमएच. ते महिनाभर फारसं हलत नाही, कधीही द्या. वयाप्रमाणे उतरतं. अंडाशयात साठा किती उरलाय याचा अंदाज त्यातून येतो, पण या महिन्यात दिवस राहतील का ते कळत नाही. आणि आकड्यापुढचं एकक वाचा. एका ताईंचं एएमएच २.१ आलं, लंडनच्या जावेचं १५, म्हणून त्या खचल्या होत्या. आपल्याकडे नॅनोग्रॅम छापतात, तिकडे पिकोमोल. २.१ ला ७.१४ नं गुणा, १५ च येतात.