यलोनाइफमधला तुमचा पहिला एप्रिल महिना: पाण्याची वाट आधीच मोकळी करा

इकडे यलोनाइफला, म्हणजे कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या शहरात, येणारी आपली माणसं सगळं विचारून घेतात. जॅकेट कुठलं घ्यायचं, गाडीला ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन ऊबदार ठेवणारा) लागतो का, कढीपत्ता मिळतो का. पाण्याच्या निचऱ्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. तेही साहजिक आहे. यलोनाइफला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम 290 मिलिमीटर पाणी पडतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर कोसळलं होतं, म्हणजे इथला तीन वर्षांचा कोटा. मुंबईत नालेसफाईच्या बातम्या वाचत वाढलेल्या माणसाला इथलं पाणी म्हणजे किस झाड की पत्ती वाटणारच.

गोची आहे ती वेळेची. ऑक्टोबरपासून जे पडतं ते जागेवरच साठत जातं आणि एप्रिल-मेमध्ये काही आठवड्यांत सगळं सुटतं. तेव्हा जमीन खाली गोठलेलीच असते, आणि जिथे माती नाही तिथे सरळ कातळ. मुरायला जागाच नाही. त्यात दिवसा वितळायचं आणि रात्री पुन्हा गोठायचं, असा खेळ चालतो. ड्राइव्ह-वेखाली जो कल्व्हर्ट असतो, म्हणजे आपली पाइप मोरी, तिच्यातून दुपारी पाण्याचा पातळ ओघळ वाहतो आणि रात्री तळाशी गोठतो. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक थर. असं करत मोरी आतून बुजते आणि सगळं पाणी रस्त्यावर नाहीतर तुमच्या दारात येतं.

म्हणून काम सप्टेंबरातच सुरू करायचं. मोरीची दोन्ही तोंडं शोधा, पालापाचोळा काढा आणि दोन्हीकडे उंच काठी रोवून तिला भडक रंगाची पट्टी बांधा. बर्फ हटवणाऱ्या गाडीवाल्याला ती दिसते, आणि एप्रिलमध्ये फावडं कुठे मारायचं ते तुम्हाला कळतं. वितळायला लागायच्या आधी दोन्ही तोंडं उकरा, चरातल्या बर्फातून फावडंभर रुंदीची वाट काढून द्या. आत बर्फ धरला असेल तर पहार घालू नका. प्लास्टिकचा पाइप तडकतो, पत्र्याचा असेल तर तोंड चेपतं. वाफेचा पाइप आत सारून मोरी मोकळी करून देणारे लोक असतात, त्यांना बोलवा. मात्र चार दिवस आधी. ऐन गर्दीत कोणी हाती लागत नाही.

आता घराचं. इथे काही भागांत जमिनीखाली कायमचं गोठलेलं पर्माफ्रॉस्ट आहे, काही भागांत नाही. तुमच्या घराखाली काय आहे ते घरमालकाला नक्की विचारा. पर्माफ्रॉस्टवरच्या घराशेजारी पाणी तुंबलं की ते आपली ऊब खाली नेतं, मातीतला बर्फ वितळतो आणि तो कोपरा खचतो. दारं घासायला लागतात, खिडक्या लागत नाहीत. भिंतीला लागून बर्फाचा ढीग रचला तरी तोच परिणाम, आणि हे नव्या माणसाला पटत नाही. बर्फ जमिनीवर गोधडीसारखा बसतो, हिवाळ्याची थंडी खाली पोचू देत नाही, आणि जमीन जितकी गोठायला हवी तितकी गोठत नाही. तेव्हा बर्फ उताराच्या बाजूला, घरापासून लांब टाका. शेजाऱ्याच्या उतारावर नव्हे! भांडणं त्यावरूनच होतात. खांबांवरच्या घराखाली मोकळी जागा असते ती वारा खेळावा म्हणून. फळ्या मारून टायर ठेवायची कोठी करू नका. छपराच्या पन्हळीचा पाइप भिंतीपाशीच संपत असेल तर पुढे वाढवून घ्या.

रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत जाणारं पाणी शुद्ध न होता तळ्यांत जातं. त्यामुळे ड्राइव्ह-वेवर साबणाने गाडी धुणं, ऑइल सांडणं बंद. कडाक्याच्या थंडीत मीठ चालत नाही म्हणून रस्त्यावर खडी-वाळू टाकतात, आणि वसंतात तीच जाळ्या बुजवते. समोरची जाळी दिसली तर फावड्याने साफ करून टाका. जायंट माइन ही सोन्याची खाण 2004 साली बंद झाली, पण तिच्या धुरातलं आर्सेनिक आसपासच्या मातीत आणि तळ्यांत उतरलेलं आहे. पोरं डबक्यात खेळणारच. घरात शिरताना बूट बाहेर आणि हात साबणाने, एवढं पाळा. कुठल्या तळ्यात पोहायचं, कुठले मासे खायचे याच्या सरकारी सूचना असतात, त्या वाचा.

भाड्याने राहत असाल तर मोरी आणि पन्हळ कोणी बघायची ते करारात लिहून घ्या. विकत घ्यायचं असेल तर घर मेच्या सुरुवातीला बघा. जुलैत सगळ्यांचीच अंगणं कोरडी ठणठणीत. घराखाली वाकून खांबांवरचे जॅक, म्हणजे घर उचलून सारखं करायचे आट्यांचे टेकू, तपासा. एखाद्या कोपऱ्यातल्या जॅकचे आटे बाकीच्यांपेक्षा जास्त बाहेर आलेले दिसले, तर तो कोपरा खचलाय आणि घर पुन्हा पुन्हा उचलून सारखं केलंय असं समजा, आणि भाव त्या हिशेबाने पाडून मागा.