जुनी गाडी देखणी पण हवी आणि आरामशीर पण? मग निदान या चुका तरी टाळा

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला फोटो पाठवतंच. काळी चकचकीत गाडी, मोठ्ठे अलॉय (मिश्रधातूच्या रिमची चाकं), वर काचेचं छप्पर, आणि खाली मेसेज, "कशी वाटते? उद्या टोकन देतोय." अरे उद्या टोकन देतोयस तर मला विचारतोयस कशाला. मी विचारतो, सकाळी थंड असताना सुरू करून बघितलीस का, कारपेट दाबून बघितलंस का, टायर कोणत्या सालचे आहेत. मग तिकडून शांतता. परवा पुन्हा असाच फोटो आला, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधीच सांगतो, कमी पैशात देखणी आणि आरामशीर जुनी गाडी मिळते, अगदी मिळते. पण फोटोत जे भारी दिसतं ना, बहुतेक वेळा तेच वय झाल्यावर सगळ्यात आधी त्रास द्यायला लागतं. म्हणून मी चांगल्या गाडीचं साधं मॉडेल घेतो, टॉप मॉडेल नाही. लोक हसतात, हसू देत.

सनरूफ बघून भाळणं

ही चूक मी स्वतः केलीय त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

सेडान होती, आठ वर्षं जुनी, आत फिकट लेदर, वर मोठं सनरूफ. संध्याकाळी बघितली, गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं चालवली, आत वास पण काय छान येत होता. तो छान वास म्हणजे एसीच्या जाळीला लटकवलेली दोन-दोन परफ्यूमं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी लहान पोरासारखा सनरूफ उघड-बंद करण्यात दंग.

चार महिने मजेत गेले. मग पाऊस सुरू झाला आणि गाडीला भुतानं झपाटलं. उभ्या गाडीची मागची काच आपोआप खाली यायची, रात्री सेंट्रल लॉक टकटक करायचं, दर दोन-तीन दिवसांनी सकाळी बॅटरी मेलेली. पहिल्या गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं अल्टरनेटर काढून परत बसवला आणि पैसे घेतले. तिसरा म्हणाला उंदरांनी वायर खाल्ली असणार. शेवटी एक म्हातारे इलेक्ट्रिशियन भेटले, त्यांनी काही उघडलंच नाही, नुसता पुढच्या सीटसमोरच्या कारपेटवर गुडघा टेकवून जोर दिला आणि त्यांची पँट भिजली. वरून कारपेट कोरडं, खालचा फोम पाणी पिऊन टम्म. आणि तिथेच सीटखाली इलेक्ट्रॉनिक्सचा डबा, त्याच्या कनेक्टरवर हिरवा गंज.

यातली गंमत म्हणजे सनरूफचं रबर शाबूत होतं. लोकांना वाटतं सगळं पाणी ते रबर अडवतं. पण सनरूफची रचनाच अशी असते की थोडं पाणी आत येणारच, ते काचेभोवतीच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, खांबांच्या आतून खाली गाडीबाहेर जातं. त्या नळीत पालापाचोळा आणि धूळ बसली की पाणी पन्हळीतून ओसंडून छतात, तिथून कारपेटखाली. मग मी वर अजून शहाणपणा केला, घाईघाईत टायरवाल्याकडची जोराची हवा त्या नळीत मारली, तर नळी आतल्या आत तोंडापासून निसटली आणि पाणी थेट छताच्या कापडात. म्हणजे आता कापडही उतरवणं आलं. शॉर्टकटचं हे असं असतं, अर्ध्या तासाचं काम आणि चार दिवस गाडी गॅरेजमध्ये.

तेव्हापासून मी गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली नेतो. सनरूफ उघडायचं, पुढच्या कोपऱ्यांत हळूहळू कपभर पाणी ओतायचं आणि खाली वाकून बघायचं की पुढच्या चाकाच्या किंवा दाराच्या बिजागरीच्या आसपास ते बाहेर पडतंय का. विकणारा वेड्यासारखा बघतो, बघू दे. त्यानंतर चारी बाजूंच्या कारपेटवर गुडघा. आणि हात लागलाच आहे तर सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, कारण पुरात बुडालेली गाडी आतून कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या भागावर चिखलाची रेघ राहून जाते. सीटच्या रुळांवर गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ दिसला की मी पुढचं काही बघत नाही, घरी येतो.

मोठ्या अलॉयवर जीव जडवणं

"गाडी आरामशीर हवी" म्हणणारा माणूस अठरा इंची अलॉयवाली गाडी का निवडतो हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. साधा हिशोब बघा. टायरवर २०५/५५ आर १६ लिहिलं असेल तर रुंदी २०५ मिलिमीटर आणि टायरच्या भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३ मिलिमीटर. तेच २२५/४० आर १८ असेल तर भिंत फक्त ९० मिलिमीटर. चाकाची बाहेरची उंची जवळजवळ तेवढीच, पण मधली हवेची गादी इंचभर कमी झाली. खड्ड्यात ती इंचभर गादी काय करते ते कंबरेला विचारा. शिवाय पातळ टायरमध्ये रिम वाकते, रिम वाकली की स्टिअरिंग थरथरतं, मग माणूस अलाइनमेंट करत बसतो आणि थरथर काही जात नाही.

मी दोन गाड्यांवरचे मोठे अलॉय काढून कंपनीचेच लहान मापाचे घातलेत. एवढंच बघावं लागतं की लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना आणि ते माप त्या मॉडेलला कंपनीनं दिलेलं आहे ना. गाडी दिसायला थोडी साधी झाली, पण आई मागच्या सीटवर झोपली पहिल्यांदा.

टायर बघताना तारीख पण बघा. टायरच्या बाजूला डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून खूश होऊ नका, रबर म्हातारं झालं की कडक होतं, आवाज करतं आणि ओल्यात घसरतं. आणि चार चाकांना चार वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्त टायर दिसले तर मालकानं ऑइल वेळेवर बदललं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

गरम इंजिनवर गाडी बघणं

मावसभावानं अशीच एक घेतली. विकणारा फोनवर इतका गोड, "तुम्ही या हो, मी एसी लावून गाडी गार करून ठेवतो." गाडी गार आणि इंजिन गरम, म्हणजे जे ऐकायचं होतं तेच गायब. घरी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर पहिली काही सेकंद असा खडखडाट की शेजारचा गॅलरीत आला. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करवणारी आतली साखळी, ढिली पडली होती. इंजिन एकदा तापलं की तो आवाज विरून जायचा. चेनचं काम म्हणजे इंजिनाची पुढची बाजू उघडायची, मजुरीच एवढी की त्याचं तोंड बघवेना. त्याला मी आधी सांगितलं होतं की सकाळी जा. पण नाही, "दुसरा गिऱ्हाईक येतोय" असं ऐकलं की आपल्या लोकांचा धीर सुटतो. तो दुसरा गिऱ्हाईक मी आजवर कधी बघितलेला नाही.

माझी सवय अशी, आधी सांगायचं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर नमस्काराआधी बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणायचं. सुरू केल्यावर मागे कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा, थांबतच नाही असा धूर म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव, जळत असण्याची शक्यता. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येते, त्याला घाबरू नका.

एक छोटा स्कॅनर पण मी खिशात ठेवतो, डॅशखालच्या पोर्टला लावायचा. बिघाडाचे कोड दिसत नाहीत म्हणजे गाडी ठणठणीत असं नसतं बरं का, कोड काल रात्री पुसलेले असू शकतात. स्कॅनरमध्ये गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दिसतं, त्यातल्या बऱ्याचशा अपूर्ण असतील तर सरळ विचारा की मेमरी कोणी आणि का पुसली. नुकतीच बॅटरी काढली असेल तरी असं होतं, पण मग उत्तर लगेच यायला हवं.

सगळे पैसे गाडीतच घालणं

महागडी गाडी जुनी झाली की तिची किंमत पडते, तिच्या पार्टची पडत नाही. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) हे याचं सगळ्यात गोड विष, रबराचे फुगे जुने झाले की चिरतात, मग कॉम्प्रेसर दिवसभर पळून पळून मरतो आणि सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसते. मी बजेटचे पंधरा टक्के बाजूला काढल्याशिवाय गाड्या बघायलाच लागत नाही. त्या पैशात आधी शॉकअप, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) आणि टायर. जुन्या गाडीचा निम्मा आराम बुशमध्येच असतो, आणि लोक मात्र आधी टचस्क्रीन बदलतात.

बाकीच्या चुका पटापट.

ओली किंवा अंधारातली गाडी बघू नका, पाण्याच्या थराखाली लांबी (पुट्टी) भरलेला पत्रा पण नवाकोरा दिसतो.

किलोमीटर कमी पण पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकाकतंय? आकड्यावर नाही, रबरावर विश्वास ठेवा.

चेनऐवजी टायमिंग बेल्टवाली गाडी असेल आणि बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

रोज पाच-सहा किलोमीटरच जाणार असाल तर धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरवाली नवीन पिढीची डिझेल घेऊ नका, तो फिल्टर साफ व्हायला लांबचा पल्ला लागतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" आहे, बदलावं लागत नाही, असं कोणी म्हणालं तर कोणाचं लाइफटाइम ते विचारा.

टेस्ट ड्राइव्हला गाणी बंद, खराब रस्ता शोधायचा, आणि एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवायचं, टकटक आली तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेला.

सीटवर दोन मिनिटं बसून "मस्त आहे" म्हणू नका. मी इंजिन बंद करून वीस मिनिटं नुसता बसतो, फोन बघतो, विकणारा चुळबुळ करतो. मांडीखाली आधार कमी पडतोय, पेडल थोडे तिरपे आहेत, हेडरेस्ट मानेला टोचतोय, हे सगळं दहा मिनिटांनंतरच कळायला लागतं.

हे एवढं सगळं मी परवाच्या काळ्या गाडीवाल्याला थोडक्यात लिहून पाठवलं. उद्या सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली ने, बोनेटला हात लाव. रात्री उत्तर आलं, "अरे टोकन आजच देऊन टाकलं, दुसरा गिऱ्हाईक येत होता."