निवृत्तीसाठी जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेताय? या चुका टाळा

निवृत्तीनंतर राहायला पुण्या-ठाण्यातल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत घर शोधणाऱ्यांपुढे हमखास दोन प्रकारचे फ्लॅट येतात. एक नुकतंच सगळं काम केलेला, फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचनसकट. दुसरा मूळ मालकाने पहिल्या दिवसापासून हात न लावलेला, मोझॅकच्या फरशीचा आणि किटकॅट फ्यूजचा. “आता या वयात कुठे धूळ खात बसायचं” म्हणून बहुतेक जण पहिला उचलतात. दोन्हींपैकी कुठलाही घ्यायला हरकत नाही. फसगत होते ती घर बघायला जातो तेव्हा, आणि दर वेळी त्याच त्याच ठिकाणी.

टाइल्सवर टाइल्स, आणि त्यालाच नवं बाथरूम समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. विकायला काढलेल्या फ्लॅटमध्ये जुनी फरशी फोडत नाहीत, तिच्यावरच अधेसिव्हने नवी टाइल चिकटवतात. आठवड्यात बाथरूम चकाचक. पण खालचा जुना कोबा, गंजलेले पाइप आणि नहाणी ट्रॅपभोवतीची (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीची) फट हे सगळं जिथल्या तिथेच असतं.

मग काय होतं ते ठरलेलं आहे. नवे मालक राहायला येतात, रोज दोन माणसांची अंघोळ, धुणं सुरू होतं. कमोडखालच्या सखल स्लॅबमध्ये भरलेले विटांचे तुकडे हळूहळू पाणी पितात. पाच-सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून येतात आणि मोबाइलमधला फोटो दाखवतात: छताला पिवळा डाग, रंगाला फुगे. प्लंबर येतो, सांध्यात पांढरं सिमेंट भरतो, पंधरा दिवस बरे जातात. नंतर कोणीतरी केमिकल सोडायला सांगतं. तेही करून झालं की शेवटी सगळं फोडावंच लागतं, आणि या वेळी टाइल्सचे दोन थर फोडायचे असतात. घरात तेवढं एकच संडास-बाथरूम असेल तर सत्तरीच्या जोडप्याने तीन आठवडे कुठे जायचं? संडास-मोरीची गळती ही सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, त्यामुळे सोसायटी यात पैसे घालत नाही.

दुसरा तोटा थेट गुडघ्यांचा. टाइल आणि अधेसिव्ह मिळून फरशी साधारण १५ मिलिमीटर वर येते. बाहेरच्या पॅसेजपेक्षा बाथरूम जेवढं खाली असायचं, तो फरक संपतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून मग दारात दीड-दोन इंचांचा ग्रॅनाइटचा उंबरठा बसवतात. रात्री दोनला चष्म्याशिवाय उठलेल्या माणसाच्या पायाला तो उंबरठा लागतो. म्हाताऱ्या माणसाच्या घरात याच्यासारखी वाईट गोष्ट नाही, आणि विकणारा ती ‘प्रीमियम फिनिश’ म्हणून दाखवतो.

तपासायची आमची पद्धत साधी आहे. खिशात दहाचं नाणं ठेवायचं आणि भिंतीची टाइल खालपासून वर वाजवत जायची. पोकळ आवाज आला तर आत चिकटलेलं नाही. नहाणीची जाळी उचलून कडेला बोट फिरवायचं. टाइलचे दोन थर हाताला लागतात. मग दारापाशी एक बादली पाणी ओतून दहा मिनिटं थांबायचं. सहा फूट लांबीच्या बाथरूमला नहाणीकडे दोन-अडीच सेंटिमीटर ढाळ हवा. कोपऱ्यात डबकं राहिलं तर ढाळ गेलेला आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा, त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणा. लाजू नका, लोक दाखवतात.

विकणाऱ्याकडे काम चालू असतानाचे फोटो आणि बिलं मागा. खरोखर फोडून काम केलेल्या माणसाकडे ते फोटो असतातच. नसतील तर बाथरूम जुनंच आहे असं धरून भाव करा.

फ्लॅट बघितला, इमारत बघितलीच नाही

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा. “आमची बिल्डिंग ठणठणीत आहे, ऑडिटची गरज नाही” हे उत्तर मिळालं तर ते ऑडिट झालं नसल्याचं उत्तर समजा.

जिन्याच्या स्लॅबची खालची बाजू, पार्किंगचे कॉलम आणि पाण्याच्या टाकीखालचे बीम बघा. सळईच्या रेषेत सरळ तडा गेला असेल तर आत गंज धरला आहे. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतं. नुसत्या गिलाव्याने ते थांबत नाही. फॉल्स सीलिंगच्या घरात नेमकं हेच झाकलेलं असतं, विशेषतः सगळ्यात वरच्या मजल्यावर. एक डाउनलाइट खाली ओढून मोबाइल आत घाला, टॉर्च लावून व्हिडिओ काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात आला आहे का, हेही वाचा. बहुमताचा ठराव झाला असेल तर नव्या किचनचे पैसे मोजणं म्हणजे ते पाडण्यासाठी मोजणं आहे. अशा इमारतीत घ्यायचाच झाला तर हात न लावलेला फ्लॅट घ्या, आणि ऐन सत्तरीत दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची तयारी आहे का, हे दोघांनी बसून ठरवा.

वास्तुशांतीची तारीख आधी, काम नंतर

हात न लावलेला फ्लॅट घेणारे इथे चुकतात. टू-बीएचकेचं पूर्ण काम, म्हणजे तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, रंग, याला तीन ते चार महिने लागतात. बऱ्याच सोसायट्या दुपारी दोन ते चार आणि रविवारी ठोकाठोक करू देत नाहीत, हे धरून. पण दिवाळीच्या आधीचा मुहूर्त काढलेला असतो. मग ओल्या गिलाव्यावर पुट्टी चढते आणि पुढच्या वर्षी पोपडे धरतात. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायचं आणि मग तो पुरता वाळू द्यायचा. वॉटरप्रूफिंगनंतर नहाणी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं, पातळीला पेन्सिलची खूण करायची आणि खालचं छत बघायचं. ठेकेदार म्हणेल, “साहेब, काही गरज नाही.” गरज आहे.

राहून एकेक खोली करू, असंही ठरवू नका. पगार चालू असताना, निवृत्तीच्या सहा महिने आधी ताबा घ्या आणि काम संपेपर्यंत जुन्या घरातच राहा. ठरलेल्या रकमेवर पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा. जुनी भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच. ठेकेदाराचे शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा गेल्यावर द्या, आणि हे सुरुवातीलाच कागदावर घ्या.

बाकीच्या चुका, थोडक्यात

लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसरा-तिसरा मजला, “अजून पायात जोर आहे” म्हणून. घेऊ नका.

रात्रभर बंद असलेल्या नळाचं पहिलं पाणी पांढऱ्या मगात धरा. तांबूस असेल तर भिंतीत बहुधा जुने जीआय, म्हणजे गंजणारे लोखंडी, पाइप आहेत.

स्विच नवे म्हणजे वायरिंग नवं नव्हे. एक बोर्ड उघडून बघा. एसी आणि गिझरला ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तार हवी, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच).

हॉल मोठा करायला नऊ इंची भिंत पाडलेली दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागा. नसेल तर पुढचं घर बघा.

बाथरूमचं दार जुन्या घरांत दोन-सव्वादोन फुटांचं असतं. व्हीलचेअर आत जायला पावणेतीन ते तीन फूट लागतात. काम काढणारच असाल तर चौकट आत्ताच बदला.

कमोडशेजारी धरायची दांडी पुढेमागे लागणारच. फरशीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर, पक्क्या विटेच्या भिंतीत. पोकळ वाजणाऱ्या टाइलवर लावलेली दांडी वजन पडलं की हातात येते. दांडीसाठी भिंतीत ड्रिल करावं लागणार, म्हणून टाइल्स बसण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी धरून पाइप आणि तारांचे फोटो काढा आणि ते मुलांनाही पाठवून ठेवा. दहा वर्षांनी दांडी बसवायला आलेल्या माणसाला ते दाखवले, तर त्याचं ड्रिल पाइपमध्ये जाणार नाही.